सातव्या नंबरचा संघ

[दृश्य : लंडन, मिलवॉलचं ‘द डेन’ मैदान. ८ मे २०२३, सोमवार.]

इंग्लंडच्या चॅम्पियनशिपचा, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या पायरीचा, शेवटचा दिवस. मिलवॉल आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स समोरासमोर आहेत. दोघांनाही प्लेऑफ, म्हणजे वर जाण्यासाठीची बाद फेरी, खेळायचीय. एका क्षणी मिलवॉल ३-१ ने पुढे असतो. तिथून ब्लॅकबर्न उलटतो आणि सामना ४-३ असा जिंकतो. ४६ सामन्यांनंतर ब्लॅकबर्नकडे ६९ गुण होतात.

सहाव्या क्रमांकावरच्या संडरलंडकडेही ६९च गुण आहेत. त्यांनी त्याच दुपारी प्रेस्टनमध्ये ३-० असा विजय मिळवलाय. गुण सारखे झाले की गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल, बघतात. संडरलंडचा अधिक १३, ब्लॅकबर्नचा उणे २. संडरलंड आत, ब्लॅकबर्न बाहेर.

हंगामात एक, फक्त एक हरलेला सामना बरोबरीत सुटला असता, तरी ब्लॅकबर्नचे ७० गुण झाले असते आणि गोलफरक बघायची वेळच आली नसती.

तो एक गुण कुठे गेला, हे शोधायला नुसते सामने बघून भागत नाही. थोडं पुण्यालाही यावं लागतं.

[दृश्य : गुणतालिका, वरच्या आठ ओळी.]

आधी प्लेऑफचं गणित. चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ. पहिले दोन थेट प्रीमियर लीगमध्ये जातात. त्या हंगामात तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ प्लेऑफ खेळले. तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा. उपांत्य फेरीत दोन-दोन सामने, एक आपल्या मैदानावर, एक समोरच्याच्या. दोन्हींची बेरीज सारखी झाली तर जादा वेळ, मग पेनल्टी. अंतिम सामना मात्र एकच, वेम्बलीवर.

त्या एका सामन्याची किंमत डेलॉइट या हिशोब-सल्लागार कंपनीने २०२३ मध्ये काढली होती : पुढच्या तीन हंगामांत मिळून किमान १७ कोटी पौंड. बहुतेक रक्कम प्रीमियर लीगच्या टीव्ही हक्कांमधली. जिंकलेला संघ पुढच्याच वर्षी खाली आला तरी त्याला काही काळ आधाराचे पैसे मिळत राहतात. म्हणून तेव्हा तालिकेत सहावा आणि सातवा यांच्यामध्ये आखलेली रेघ एवढी महाग होती.

ही रेघ ब्लॅकबर्नइतकी कुणी अनुभवली नसेल. १९९२ मध्ये हा संघ तेव्हाच्या दुसऱ्या श्रेणीत सहावा आला होता. अगदी काठावरचा सहावा. उपांत्य फेरीत डर्बीला दोन सामन्यांत मिळून ५-४ असं हरवलं, वेम्बलीवर माइक न्यूवेलच्या पेनल्टीवर लेस्टरला १-० असं हरवलं, आणि नव्याने सुरू होणाऱ्या प्रीमियर लीगमध्ये दाखल झाला. तीन वर्षांनी, १९९५ मध्ये, तोच संघ इंग्लंडचा विजेता होता. केनी डाल्ग्लिश मॅनेजर, आणि मागे जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच पोलादाचा व्यापारी. पैसा त्याचा, गावही त्याचं. तो २००० मध्ये गेला आणि क्लब त्याच्या ट्रस्टकडे राहिला.

[दृश्य : ईवुड पार्क, ब्लॅकबर्न. नंतर पुणे.]

नोव्हेंबर २०१०. ट्रस्टने क्लब विकला. घेणारे वेंकीज, म्हणजे कोंबडीपालन आणि अंड्यांच्या धंद्यातला पुण्याचा वेंकटेश्वरा हॅचरीज समूह. सुमारे २ कोटी ३० लाख पौंड किंमत, शिवाय क्लबचं कर्ज अंगावर. प्रीमियर लीगमधल्या क्लबची मालकी भारतीय कंपनीकडे जाण्याची ही पहिलीच वेळ. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्लॅकबर्नचा संघ बालेवाडीला येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला आणि ३-० असा जिंकलाही. पुण्यातल्या फुटबॉलवेड्यांसाठी तो मोठा दिवस होता, यात शंका नाही.

इंग्लंडमध्ये मात्र गाडी घसरायला लागली होती. खरेदीनंतर महिन्याभरातच अनुभवी मॅनेजर सॅम अॅलरडाइस यांना काढलं. तेव्हा संघ तालिकेच्या मध्यावर, धोक्यापासून दूर होता. जागी आले स्टीव्ह कीन, ज्यांनी मॅनेजर म्हणून कधी काम केलं नव्हतं. मे २०१२ मध्ये घरच्या मैदानावर विगनकडून ०-१ अशी हार झाली आणि ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात प्रेक्षकांनी क्लबच्या रंगात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. पुढच्या एका हंगामात मॅनेजरची खुर्ची इतकी फिरली की हेनिंग बर्ग यांना ५७ दिवस मिळाले आणि मायकल अॅपल्टन यांना ६७.

२०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली. शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डमध्ये ३-१ असं जिंकूनही. वाचलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचे आणि ब्लॅकबर्नचे गुण सारखे, ५१. गोलफरकात दोनाचं अंतर. प्रीमियर लीग जिंकलेला संघ तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिली वेळ. टोनी मोब्रे यांनी पुढच्याच वर्षी त्यांना परत वर आणलं.

[दृश्य : घड्याळ. ३१ जानेवारी २०२३, रात्रीचे अकरा.]

आता त्या एका गुणाकडे. जानेवारी २०२३ मध्ये मॅनेजर योन डाल टोमासन यांना मिडफिल्डर हवा होता. नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुइस ओब्रायन लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना, यायला तयार होता. ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या देवाणघेवाणीची मुदत, बंद होण्याची वेळ रात्री ११.

लोनच्या नोंदणीला काय लागतं? दोन क्लब आणि खेळाडू यांचा त्रिपक्षीय करार. पगाराचा कोणता वाटा कोण देणार, खेळाडू दुखावला तर पुढे काय, मूळ क्लबविरुद्ध खेळायचं का, हे त्यातच लिहिलेलं असतं. वैद्यकीय तपासणी झालेली असावी लागते. सगळ्या सह्या होऊन पूर्ण संच लीगकडे वेळेच्या आत पोचावा लागतो. यातलं कुठलंही काम अवघड नाही. अवघड असतो त्या आधीचा होकार : किती पैसे, कोण देणार, कोणाची मंजुरी. ती उशिरा मिळाली की कागदांसाठी उरतात मिनिटं.

ब्लॅकबर्नचे कागद अकरानंतर पोचले. लीगने नोंदणी नाकारली. क्लबने दाद मागितली, तीही फेटाळली गेली. खेळाडू तयार, दोन्ही क्लब तयार, आणि तरी ओब्रायन ब्लॅकबर्नकडून एक मिनिटही खेळला नाही.

एप्रिलमध्ये ब्लॅकबर्नला लीगमध्ये एकही विजय मिळाला नाही. बरोबरी, बरोबरी, हार. शेजारच्या बर्नलीने, म्हणजे हाडवैऱ्यानेच, ईवुड पार्कवर येऊन १-० असं जिंकून विजेतेपद निश्चित केलं. ओब्रायन असता तर त्या महिन्यात एक गुण जास्त मिळालाच असता, असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण मॅनेजरने मागितलेला मिडफिल्डर हाताशी आलेला असताना गेला, आणि संघ गोलफरकावर सातवा राहिला, हे दोन्ही खरं आहे.

बरं, यातून कार्यालय शहाणं झालं का? जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्लँडो सिटीचा स्ट्रायकर डंकन मॅग्वायर इंग्लंडपर्यंत येऊन पोचला. आधी कायमची बदली ठरली होती, मग लोन. शेवटच्या क्षणी बदललेल्या व्यवहाराचे कागद चुकले आणि नोंदणी पुन्हा अडली. वर्षभरात दुसऱ्यांदा तीच चूक. लिपिकाला दोष देऊन हा प्रश्न मिटत नाही. निर्णय घेणारे हजारो किलोमीटर दूर आहेत आणि व्यवहाराचं रूप शेवटच्या दिवसापर्यंत बदलतंय. अशा ठिकाणी कागद चुकणारच.

[दृश्य : दिल्ली उच्च न्यायालय.]

त्याच काळात पैशाची वाटही अडली होती. चॅम्पियनशिपचे बरेच क्लब कमाईपेक्षा जास्त रक्कम नुसत्या पगारावर घालवतात. दर महिन्याची तूट मालक भरतो. वेंकीजनी आजवर २० कोटी पौंडांहून जास्त रक्कम अशी ओतली आहे, हे मान्य करायला हवं. ती भारतातून जायची. पण परकीय चलनाच्या कायद्याखाली चौकशी सुरू झाली, आणि ब्लॅकबर्नला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. परवानगीसोबत बँक हमीची अट आली. हमी पाठवलेल्या रकमेइतकी असेल, तर एक पौंड पाठवायला आणखी एका पौंडाची तजवीज इथे अडकून पडते. शिवाय सुनावणीच्या तारखा. न्यायालयाचं कॅलेंडर काही इंग्लंडच्या ट्रान्सफर विंडोकडे बघून चालत नाही.

अशा वेळी क्लबकडे रोख उभी करायचा एकच झटपट मार्ग राहतो : खेळाडू विकणे. १ फेब्रुवारी २०२४ ला अॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला गेला. ब्लॅकबर्नमध्येच वाढलेला १९ वर्षांचा मिडफिल्डर, सुरुवातीची किंमत १ कोटी ८० लाख पौंड. काही महिन्यांत तो युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या संघात होता. त्याच फेब्रुवारीत टोमासनही गेले. संघ पदावनतीच्या कड्यावर आला आणि शेवटच्या दिवशी विजेत्या लेस्टरला त्यांच्याच मैदानावर २-० असं हरवून वाचला. दोन्ही गोल सॅमी स्मॉडिक्सचे. लीगमध्ये सर्वाधिक, २७ गोल करणारा हा खेळाडू ऑगस्टमध्ये इप्सविचला विकला गेला.

एवढं होऊनही पुढच्या हंगामात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ब्लॅकबर्न पाचव्या क्रमांकावर होता. मॅनेजर जॉन यूस्टेस यांनी काटकसरीत चांगला संघ बांधला होता. आणि १३ फेब्रुवारीला ते डर्बी काउंटीला निघून गेले. डर्बी तेव्हा खाली जाण्याच्या भीतीत होता. प्लेऑफच्या जागेवरचा संघ सोडून मॅनेजर तळाच्या संघाकडे जातो, तेव्हा त्याला आपल्या क्लबच्या पुढच्या वर्षाबद्दल काय वाटतंय, हे वेगळं विचारायची गरज नसते. मे महिन्यात तालिका बंद झाली : सहावा ब्रिस्टल सिटी, ६८ गुण. सातवा ब्लॅकबर्न, ६६.

[दृश्य : शेफील्ड, हिल्सबरो मैदान.]

आता एखाद्याला वाटेल, एकदा प्लेऑफ जिंकला की मालकाचे प्रश्न मिटतात. शेफील्ड वेन्सडेचं उदाहरण बघा. तेव्हाचे मालक डेजफॉन चॅनसिरी, थायलंडचे. त्यांनी हिल्सबरो मैदान आपल्याच कंपनीला सुमारे ६ कोटी पौंडांना विकलं आणि तो नफा क्लबच्या हिशोबात दाखवला. कारण तीन हंगामांत ३ कोटी ९० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवायला नियमात जागा नव्हती. व्यवहार चुकीच्या वर्षात धरला गेला होता. शिक्षा १२ गुणांची, अपिलात ६ झाली. २०२१ मध्ये संघ ४१ गुणांवर तळाला राहून खाली गेला. वाचलेल्या डर्बीचे गुण होते ४४. कापलेले सहा जोडून बघा.

मे २०२३ मध्ये, ब्लॅकबर्न हुकला त्याच महिन्यात, वेन्सडे तिसऱ्या श्रेणीचा प्लेऑफ खेळत होता. ९६ गुण मिळवूनही थेट बढती मिळाली नव्हती. पहिल्या सामन्यात पीटरबराकडून ०-४. दुसऱ्यात ५-१, मग पेनल्टीवर विजय. वेम्बलीवर बार्न्सलीविरुद्ध जादा वेळही संपत आलेला असताना जॉश विंडासने हेडरने गोल केला. प्लेऑफच्या इतिहासात याहून विलक्षण पंधरवडा सापडणं कठीण.

दोन वर्षांत त्याच खेळाडूंचे पगार थकू लागले. संकटाचा क्रम बहुतेक सगळीकडे असाच असतो. आधी करखात्याची देणी लांबतात, इतर क्लबांचे ट्रान्सफरचे हप्ते लांबतात, मग पगार. लीगच्या नियमानुसार वर्षभरात उशिराचे दिवस एकूण ३० भरले की पुढच्या तीन विंडोंत पैसे देऊन खेळाडू घेता येत नाही. चांगले खेळाडू करार संपवून निघून जातात, कारण पगार न मिळणं हे करार मोडायला पुरेसं कारण असतं. २४ ऑक्टोबर २०२५ ला क्लब प्रशासकांच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या काठावरची संस्था सांभाळणाऱ्यांच्या, हाती गेला : १२ गुण वजा. डिसेंबरमध्ये आणखी ६. विंडासच्या त्या गोलला जेमतेम अडीच वर्षं झाली होती.

इथे एक फरक नोंदवायलाच हवा. वेंकीजच्या काळात ब्लॅकबर्न प्रशासकांकडे गेलेला नाही. चॅनसिरी आणि पुण्याचे राव-देसाई कुटुंब यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं होईल. ब्लॅकबर्नच्या प्रेक्षकांची तक्रार वेगळी आहे. मालक बरीच वर्षं मैदानावर फिरकलेले नाहीत, संघ कुठे न्यायचाय हे कोणी सांगत नाही, आणि महत्त्वाच्या प्रत्येक होकाराला उशीर होतो.

[दृश्य : ब्रिटिश संसद.]

२१ जुलै २०२५ ला ब्रिटनमध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला. २०१९ मध्ये बरी हा जुना क्लब लीगबाहेर फेकला गेल्यानंतर या मागणीला जोर आला होता. आता स्वतंत्र नियामक आहे. क्लबला परवाना घ्यावा लागेल, पैसा कुठून येणार याचा आराखडा द्यावा लागेल. नालायक ठरलेल्या मालकाला क्लब विकायला लावण्याचा अधिकारही नियामकाकडे आहे. बोधचिन्ह, रंग, मैदान बदलायचं तर प्रेक्षकांना विचारावं लागेल.

पुण्याहून जाणारा पैसा न्यायालयाच्या तारखेवर अडला तर पुढच्या महिन्याचा पगार कशातून होणार, हा प्रश्न नियामक कागदोपत्री विचारू शकतो, आणि उत्तर मागू शकतो. पण जानेवारीच्या शेवटच्या रात्री, साडेदहा वाजता, मिडफिल्डरच्या करारावर होकार द्यायचा की नाही, हे त्याच्या अखत्यारीत येत नाही. तो होकार मालकालाच द्यावा लागतो, आणि अकराच्या आत.