सायकलीचे फ्रेंच स्पेअरपार्ट

निमंत्रणपत्रिकेवर ‘फ्रेंच प्रभाव’ आणि शेजारी आयफेल टॉवर छापलाय. छान आहे. पण फ्रेंच म्हटलं की आपली धाव अत्तरापर्यंत, फार तर पाँडिचेरीच्या पिवळ्या भिंतींपर्यंत. ही माझी जुनी तक्रार आहे, म्हणून आज मी मडगार्डवर बोलणार.

फ्रेंचांची जुनी वसाहत असलेल्या व्हिएतनाममधल्या मडगार्डवर. तिथला पंक्चरवाला त्याला ‘गाक-दे-बू’ म्हणतो. मूळ फ्रेंच ‘गार्द-बू’. बू म्हणजे चिखल. हँडल ‘गी-दोंग’, मूळ ‘गिदों’. पेडल ‘पे-दान’. आणि ट्यूब? ‘साम’. फ्रेंचमध्ये ट्यूबला ‘शांब्र आ एर’, म्हणजे हवेची खोली म्हणतात. व्हिएतनामीत खोली राहिली, हवा गेली! (हशा) हसलात, म्हणजे सायकल चालवलेली मंडळी आहेत.

आता पुढे ऐका. नोव्हेंबर १९५३ मध्ये फ्रेंचांनी व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूच्या खोऱ्यात छत्रीसैनिक उतरवले. हिशेब असा, की भोवती डोंगर, जंगल, रस्त्यांची बोंब. इथवर शत्रू, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणारे व्हिएत मिन्ह, तोफा आणि रसद आणणार कशा? शत्रूनं तोफा दोरखंडांनी हातांनी ओढल्या आणि तांदूळ बराचसा सायकलींवर आणला. सायकलवर बसून नव्हे हं! हँडलला लांब बांबू बांधायचा, म्हणजे बाजूनं चालत वळवता येतं. सीटमागे उभा दांडका, ढकलायला. पोती लादायची २०० किलोंच्या वर. ट्यूब टिकावी म्हणून जुन्या विजारी फाडून त्याच्या पट्ट्या टायरमध्ये घालायच्या. आपल्याकडे असली सायकल दुकानात नेली तर तो आधी चाकाचा आउट काढेल आणि मग आपल्याला बाहेर काढेल. यातल्या कित्येक सायकली प्यूजोच्या होत्या, म्हणजे अस्सल फ्रेंच! ७ मे १९५४ रोजी फ्रेंचांचं ठाणं पडलं. गी-दोंग मात्र गी-दोंगच राहिलं.

अध्यक्ष घड्याळाला चावी देतायत की मला दाखवतायत? पाच मिनिटं. बरं, मुद्दा सांगतो.

वस्तू आली की तिचं नाव सोबत येतं, आणि ते कारागीर, स्वयंपाकी, हमाल यांच्या तोंडून रुजतं. म्हणून साबण ‘सा-फोंग’, स्टेशन ‘गा’. (हाच गा खालच्या सुरात म्हटलात तर कोंबडी होते, रिक्षावाल्याशी जपून.) पण स्वातंत्र्य ‘दोक लाप’, प्रजासत्ताक ‘कोंग होआ’: हे शब्द चिनी मुळांचे, फ्रेंच नव्हेत. कल्पनेसाठी माणूस घरच्या जुन्या अभिजात पेटीत हात घालतो. आपणही पेडल, ब्रेक इंग्रजीतून घेतले आणि प्रजासत्ताक संस्कृतातून घडवलं. फ्रेंच शाळांनी काय शिकवलं हा वेगळा विषय. माझं मत, शब्दांच्या बाबतीत मास्तरांपेक्षा मेकॅनिक भारी पडला.

कॉफी राहिलीच. १८५७ च्या सुमारास मिशनऱ्यांनी रोपं नेली. ताज्या दुधाची वानवा, म्हणून डब्यातलं गोड घट्ट दूध आलं. आणि वरची गाळणी ‘फिन’, म्हणजे फ्रेंच ‘फिल्त्र’. बाकी प्रश्नोत्तरांत विचारा.