लंडनचा नकार आणि मुंबईची अमेरिकन मिशन

नमस्कार. मुंबई आणि अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचा इतिहास बहुधा १८१३ पासून सांगितला जातो. माझ्या मते तो दोन वर्षे आधीच्या एका पत्रापासून सांगायला हवा.

१८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था स्थापन झाली. तिच्याकडे जायला उत्सुक तरुण होते, पण त्यांना पोसण्याइतका पैसा नव्हता. लंडन मिशनरी सोसायटीचे काम मात्र १७९५ पासून सुरू होते. म्हणून बोर्डाचे चिटणीस सॅम्युएल वूस्टर यांनी १८११ च्या आरंभी लंडनचे चिटणीस जॉर्ज बर्डर यांना लिहून विचारले की, काही काळ खर्च लंडनने सोसावा आणि तरीही या तरुणांवर पूर्णपणे लंडनचाच अधिकार नसावा, असे जमेल काय? ही बोलणी करण्यासाठी त्या तरुणांपैकी अ‍ॅडोनिरम जडसन निघाले, तर वाटेत फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले आणि फ्रान्समधल्या बायोनच्या तुरुंगाची वारी करून ते इंग्लंडला पोहोचेपर्यंत मे महिना उजाडला.

लंडनचे उत्तर सौजन्याचे पण स्पष्ट होते. चौघा तरुणांना आपले मिशनरी म्हणून घेण्यास सोसायटी तयार होती. दोन संस्थांचा सामाईक कारभार तिला मान्य नव्हता. मला हा नकार शहाणपणाचा वाटतो, कारण पत्राच्या उत्तराला कित्येक महिने लागत असताना आशियातल्या माणसाने दोन खंडांतल्या दोन कचेऱ्यांचे हुकूम पाळायचे कसे? बोर्डाने सप्टेंबरमध्ये सारा भार स्वतःच उचलायचे ठरवले आणि फेब्रुवारी १८१२ मध्ये मिशनऱ्यांची जहाजे सुटली.

कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना निघून जाण्यास सांगितले. तिथेच जडसन बाप्टिस्ट, म्हणजे प्रौढपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, झाले आणि १ सप्टेंबर १८१२ रोजी त्यांनी वूस्टर यांना तसे कळवले. त्यांच्या पत्रांनी अमेरिकेतले बाप्टिस्ट हलले आणि १८१४ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी स्वतःची संस्था काढली.

बोर्डाच्या त्या मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले, तेव्हा ब्रिटन व अमेरिका यांच्यात युद्ध जुंपलेले होते. त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचा कलकत्त्याचा हुकूम गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या हाती होता. हॉल आणि नॉट यांनी त्यांना विनंतीपत्रे लिहिली. मनाने अनुकूल असलेल्या नेपियन यांनी हुकूम बजावण्याची घाई केली नाही. प्रकरण लंडनला गेले आणि तिथे कंपनीचे संचालक चार्ल्स ग्रँट यांनी मिशनऱ्यांची बाजू मांडली. अखेर त्यांना राहण्याची परवानगी मिळाली.

मुंबईहून जाणारी पत्रे अमेरिकेत मासिकांतून छापली जात आणि ती वाचून वर्गणी गोळा होई. त्या काळच्या महाराष्ट्राची माहिती त्यांत विपुल सापडते. मात्र देणगीदारांपुढे ठेवायचा मजकूर कोणता आणि गाळायचा कोणता, हे बोस्टनमध्ये ठरे, एवढे ध्यानात ठेवूनच ती वाचावी लागतात.