गोळी घेतली का?

मधुमेहाच्या माणसाला औषधाची आठवण करून देणारं, मनगटावर बांधायचं उपकरण बनवा म्हटलं की विद्यार्थी पहिल्यांदा गजर काढून दाखवतात. आठ वाजले, मनगट थरथरलं, गोळी घ्या. मधुमेहाच्या माणसाला एवढ्याने भागत नाही, आणि कधीकधी हाच गजर त्याच्या जिवावर बेततो. आज तेवढंच नीट समजावून सांगतो.

मधुमेहाची बरीचशी औषधं जेवणाच्या ताटाला बांधलेली असतात. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, नाहीतर पोटात ढवळतं. ग्लिमेपिराइड घेतली की पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंड इन्सुलिन सोडू लागतं आणि साखर उतरू लागते. जुनं साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं, जलद काम करणारं अगदी जेवायला बसताना. घड्याळावर चालतं ते मुख्यतः दिवसभर पुरणारं इन्सुलिन. तिथे गजर जरूर लावा.

आता हे मुंबईत आणून बघा. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणारी एक बाई. गजर वाजला, तिने ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, पोळीभाजीचा डबा पर्समध्ये टाकला. ऑफिसात पोचून खाऊ, असा रोजचा हिशोब. पावसात कुर्ल्याला पाणी भरलं, गाडी जागची हलेना. साखर ७० च्या खाली उतरली की दरदरून घाम सुटतो, हात कापतात, बोलणं अडखळतं. पण गच्च भरलेल्या लेडीज डब्यात घाम सगळ्यांनाच आलेला असतो. हिची शुगर उतरली आहे हे शेजारणीला कसं कळावं? म्हणून उपकरणाने आधी विचारावं, ‘खाणं समोर आहे का?’ नाही म्हटलं, तर तिच्या डॉक्टरांनी त्या प्रसंगासाठी जे सांगून ठेवलंय ते तिला दाखवावं.

दुसरी गोष्ट शंकेची. विसरण्याबद्दल सगळे बोलतात, पण रोज तीच गोळी, त्याच ओट्याजवळ, त्याच पेल्यातल्या पाण्याबरोबर घेणाऱ्याला आजची आठवण कालच्यापासून वेगळी काढता येत नाही. घेतली की नाही? मग मनाची खात्री म्हणून आणखी एक घेतली जाते. इन्सुलिनच्या बाबतीत हे फार धोक्याचं. ‘सकाळचं औषध घेतलं, ८.१०’ ही एक ओळ ठळक अक्षरांत दिसली, तरी माझ्या मते उपकरणाचे निम्मे पैसे वसूल झाले. आणि ही नोंद इन्सुलिन टोचायच्या पेनचं टोपण काढताना आपोआप झाली तर फारच उत्तम.

पेन म्हटलं की आपल्याकडचा एक घोळ सांगितलाच पाहिजे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आतल्या औषधाच्या नळीत, एका मिलिलिटरला १०० युनिट असतात. कार्ट्रिजमधलं औषध कुणी लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं, तर अडीच पट डोस अंगात जातो. पडद्यावर नुसतं ‘२० युनिट’ लिहून चालणार नाही. बाटली की पेन, हेही तिथेच दिसायला हवं.

बाकी शरीरही आपल्या अडचणी पुढे करतंच. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने नजर अधू होते. पायांपाठोपाठ हातांच्या बोटांनाही बधिरता येते. बारीक आकडे आणि गुळगुळीत काचेवरची खूण अशा हातांना उपयोगाची नाही, अंगठ्याला चाचपडून सापडेल असं उंच बटण हवं. मनगटावर बांगड्या असतात, तर दंडाचा विचार करा. आणि लोकलमध्ये उभं राहिल्यावर बारीक थरथर कळतच नाही, कारण अख्खा डबाच थरथरत असतो. गाडी थांबल्यावर इशारा पुन्हा द्यायला हवा.

सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळं बाजारात मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने जाहीर सांगितलं की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचे सेन्सर खरे आहेत. त्यांचा बारीक तंतू त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. पण दर पंधरवड्याला काही हजार रुपये मोजावे लागतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या किती जणांना हे झेपेल? म्हणून सेन्सरशिवायही कामाला येईल असंच उपकरण आधी बनवा.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. डोस चुकला की मुलाच्या फोनवर मेसेज, ही सोय कागदावर छान दिसते. घरात मात्र त्यावरून रोज बोलणी ऐकावी लागतात, आणि आठवड्याभरात उपकरण कपाटात जातं. साखर उतरल्याचा इशारा उपकरण वापरणाऱ्या बाईने स्वतः नाव दिलेल्या माणसाला जरूर जावा. चुकलेल्या गोळीची बातमी कुणाला द्यायची, द्यायची की नाही, हे तिनेच ठरवावं, आणि ती बंद करायला तिला कुणाचा पासवर्ड मागावा लागू नये.