सेइझा: टाचांवर बसण्याची जपानी रीत

आज मी बोलणार आहे सेइझा या जपानी बैठकीबद्दल, आणि तिचे नियमही सांगायचं कबूल केलं आहे. वज्रासनाचा विषय निघणार हे मला माहीत होतं, म्हणून आधी तेच सांगते. गुडघे टेकून टाचांवर बसायचं, आकार तोच. पण तेवढ्यावरून नातं जोडू नका. भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलं ते पद्मासन, आणि झेन मठांत ध्यानाला आजही तसंच बसतात. सेइझा तिथल्या घरादारांत, दरबारांत रुजली.

मी जपानमध्ये क्योतोला चहाविधी, म्हणजे पाहुण्यांना रीतसर चहा करून देण्याची कला, शिकत होते. पहिल्या दिवशी अर्धा तास जराही हलले नाही. शिक्षिकाबाई दोनदा म्हणाल्या, ‘ओराकु नि’, म्हणजे आरामात बसा. मला वाटलं, हा नुसता शिष्टाचार, खरं तर तसंच बसून राहायचं असतं. मग वाडगा न्यायला उठले, तर डावा पाय जागेवरच नव्हता. हिरवा चहा तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या जाड गवती चटईवर, सांडला. बाईंनी शांतपणे फडक्यानं टिपला आणि म्हणाल्या, ‘यजमान सांगतो तेव्हा ऐकायचं.’ त्या वाक्यानं मी या विषयाकडे वळले.

‘जपानी माणूस हजारो वर्षं असाच बसतो’ हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. सेन नो रिक्यू, चहाविधीचा महागुरू, १५९१ साली गेला. त्याच्या काळात चहाच्या खोलीत मांडी घालून किंवा एक गुडघा उभा धरून बसणं चालत असे. गुडघे टेकणं होतं, पण ते देवापुढे, धन्यापुढे. पुढे एदो काळात (१६०३ ते १८६८) शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, दरबारी रिवाजातून आणि घरोघरी पसरलेल्या तातामीबरोबर ते सगळीकडे गेलं. तेव्हा त्याला म्हणत ‘काशिकोमारु’, म्हणजे अदबीनं, दबून बसणं. आजही तोक्योच्या दुकानात काही मागितलंत तर विक्रेता म्हणतो ‘काशिकोमारिमाशिता’, जशी आज्ञा! बसण्याची ती अदब अशी बोलण्यात उरली आहे. ‘सेइझा’, म्हणजे ‘योग्य बैठक’, हे नाव मात्र रूढ झालं मेइजी काळात, १८६८ नंतर. एक बैठक ‘योग्य’ ठरली की बाकीच्या आपोआप कमी प्रतीच्या होतात. माझी तक्रार आहे ती इथे.

पाच मिनिटंच उरल्याची चिठ्ठी आली, आणि कबूल केलेले नियम तर राहिलेच! भराभर सांगते. तातामीच्या किनारीवर आणि दाराच्या उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. आसन पुढे केलं तरी ‘बसा’ म्हणेपर्यंत त्यावर बसायचं नाही, आणि बसताना ते तुडवायचं नाही. गुडघ्यांनी सरकत त्यावर यायचं. पायांचे अंगठे एकमेकांवर. पुरुषांच्या गुडघ्यांत मुठीएवढं अंतर, बायकांचे जुळलेले. वाकून नमस्कार करायचा तो आसनावरून खाली उतरून.

आणि उठणं. एकदम उठायचं नाही. आधी पायांची बोटं जमिनीला टेकवून टाचा उभ्या करायच्या, त्यांवर क्षणभर बसायचं. याला ‘किझा’ म्हणतात. पायांत रक्त परतलं की मगच एक पाऊल पुढे टाकून उभं राहायचं. मी हे शिकले दुसऱ्या दिवशी.