कातळावर चालतं, हायवेवर हलतं

(तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजात ऑफ-रोडवाल्या मंडळींसमोर झालेलं बोलणं, थोडं संपादित करून)

मंडळी, पुढे सरका, मागे ऑइल सांडलंय. खुर्च्या संपल्या असतील तर टायरवर बसा.

परवा एकाने विचारलं, "दादा, कातळावर आपण माणसाच्या चालीने गाडी चढवतो. मग बॅलन्सिंग हवंच कशाला?" बॅलन्सिंग म्हणजे हलक्या बाजूला छोटी वजनं लावून चाक सगळीकडून सारखं जड करणं. प्रश्न चुकीचा नाही. हिशोब मांडू. ३५ इंची टायर, आणि त्याच्या नक्षीपाशी एका जागी १०० ग्रॅम जास्त. ताशी ५ किलोमीटरला ते जास्तीचं वजन बाहेर ओढतं जेमतेम ४५ ग्रॅमच्या जोराने. तेच ताशी ८० ला, सायन-पनवेल हायवेवर, ११ किलोने. वेग १६ पट झाला की ओढ २५६ पट होते. आणि हा ११ किलोचा दणका सेकंदाला ८ वेळा बसतो, तुमच्या बेअरिंगला आणि मनगटाला.

ज्यांची गाडी ट्रेलरवरून येते-जाते त्यांनी आत्ता चहा घ्यायला हरकत नाही. आपली गाडी सकाळी इथून निघते, दिवसभर दगडाला घासते आणि रात्री त्याच चाकांवर घरी येते. बॅलन्सिंग लागतं ते त्या परतीसाठी.

आता अडचण. मोठं चाक नेहमीच्या दुकानात नेलं की मशिनचं झाकणच बंद होत नाही, आणि झाकण उघडं असलं की मशिन फिरत नाही. मग कळंबोलीला ट्रकच्या टायरवाल्यांकडे जायचं. तिथे मशिन मोठं, पण आपल्या रिमचं मधलं भोक चाक पकडणाऱ्या तिथल्या शंकूवर नीट बसतंय का ते स्वतः वाकून बघा. चाक केसभर तिरकं बसलं तर मशिन प्रामाणिकपणे चुकीचा आकडा सांगतं.

हे सगळं टाळायचं असेल तर हा कोपऱ्यातला स्टँड बघा. भंगारातला मारुती जिप्सीचा पुढचा हब आहे, म्हणजे चाक ज्यावर बसून फिरतं तो भाग. बेअरिंगमधलं सगळं ग्रीस डिझेलने धुऊन काढलंय आणि दोन थेंब पातळ तेल सोडलंय. ग्रीस ठेवलं तर चाक आळशासारखं कुठेही थांबतं. आता चाक लावतो आणि हात सोडतो... बघा, झुललं, झुललं, थांबलं. जड बाजू खाली आली. तिथे खडूची खूण. पुन्हा फिरवलं तरी तीच खूण खाली येणार.

इथे बहुतेक जण लगेच वजनं चिकटवायला धावतात. थांबा. रिम मोकळी असताना तिचीही जड बाजू अशीच काढायची आणि टायर सोडवून असा फिरवायचा की त्याची जड बाजू रिमच्या हलक्या बाजूवर येईल. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची हलकी जागा, ती वॉल्व्हपाशी. एवढ्यानेच पुष्कळ वजन वाचतं. कारण रिमवरचं वजन केंद्राच्या जवळ असतं. १७ इंची रिमवर, नक्षीतल्या १०० ग्रॅमला उत्तर द्यायला जवळपास २०० ग्रॅम लागतात. मात्र हा स्टँड फक्त वर-खाली उड्या थांबवतो. रुंद टायर डावी-उजवीकडे डुलतो, त्याला आतल्या-बाहेरच्या दोन्ही बाजूंचं वजन लागतं आणि ते मशिनच सांगतं.

बीडलॉकच्या रिमला, म्हणजे टायरची कड रिंगने आवळून धरणाऱ्या रिमला, बाहेर वजन अडकवायला कडाच नसते. म्हणून वजनं रिमच्या आतल्या गोल भिंतीवर चिकटवायची, आधी ती थिनरने पुसून. ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाहीत ना, हे हाताने चाक फिरवून ऐका. ज्यांचं बीडलॉक नाही त्यांनी टायर आणि रिम या दोघांवर मिळून एक रेघ मारून ठेवा. दगडावर टायरमधली हवा कमी करून दाब १२ पीएसआयवर आणला की टायर रिमवर सरकतो. रेघ तुटलेली दिसली की समजा, बॅलन्सिंग गेलं.

वजनांऐवजी टायरमध्ये बॅलन्सिंगचे बारीक दाणे टाकण्याबद्दल सगळेच विचारतात. ताशी ७-८ किलोमीटरच्या खाली ते आत नुसते खुळखुळतात. वेग वाढला की टायरला चिकटून फिरतात, आणि पुरेशा वेगाला आपोआप हलक्या बाजूला सरकतात. चालतं, पण आत ओल असली की लाडू होतो. पावसाळ्यात हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरमधून पाणी येतंच.

माझीच फजिती सांगतो. जुलैमध्ये परत येताना ताशी ७० ला स्टिअरिंग असं थरथरलं की मी दुसऱ्या दिवशी ३०० ग्रॅम वजनं ठोकली. आठवड्याने गाडी धुतली, तर थरथर आणखी वाढली. रिमच्या आत एका बाजूला सुकलेला चिखल होता, मी त्या चिखलाचं बॅलन्सिंग केलं होतं! तेव्हापासून आधी पाण्याचा फवारा, मग मशिन.

आणि तीनदा बॅलन्सिंग करूनही हलत असेल तर चाकाला दोष देणं बंद करा. जॅक लावा, चाक वर-खाली धरून हलवा. खट् वाजलं तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ, किंवा हबचं बेअरिंग. डावी-उजवीकडे वाजलं तर स्टिअरिंगचे बॉल जॉइंट. जिप्सीवाल्यांनो, आधी किंगपिन. कोणी आणलीय आज? घ्या गाडी आत, जॅक तिथे भिंतीला आहे.