चुकून मिळालेला बेकारभत्ता आणि वसुलीची नोटीस

सरकारने स्वतःच्या चुकीने जास्त पैसे दिले, घेणाऱ्याने ते घरखर्चात संपवले, आणि पुढे कधीतरी नोटीस आली, तर ते परत करायचे का? आपल्याकडच्या पेन्शनरांना हा प्रश्न नवा नाही. वेतननिश्चितीत चूक कार्यालयाची, वसुली निवृत्त शिपायाकडून. २०१४ साली रफिक मसीह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी, तसंच निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, यांच्याकडून अशी वसुली करता येणार नाही. आज मी बोलणार आहे ते अमेरिकेतल्या बेकारभत्त्याबद्दल. कोविडनंतर तिथल्या लाखो घरांत हीच नोटीस पोचली.

तिथे बेकारी विमा एकेक राज्य चालवतं. मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने टॅक्सीवाले, न्हावी, फ्रीलान्सर अशा, एरवी भत्त्याच्या बाहेर राहणाऱ्या माणसांनाही आत घेतलं, आणि जुलैअखेरपर्यंत आठवड्याला ६०० डॉलर वरून दिले. घाईत कायदा झाला, घाईत पैसे गेले. पण टॅक्सीवाले, फ्रीलान्सर यांच्यासाठीच्या या नव्या योजनेत चुकून जादा गेलेली रक्कम माफ करण्याची तरतूदच नव्हती! ती डिसेंबर २०२० मध्ये आली.

माफीच्या अटी दोन. पहिली, चूक घेणाऱ्याची नसावी. दुसरी, वसुली न्यायबुद्धीला आणि सदसद्विवेकाला धरून नसावी. दुसऱ्या अटीत सगळ्यांना दिसते ती हलाखी : वसुली केली तर घरभाडं, औषधं, किराणा भागणार नाही. पण तेवढंच नाही. भत्ता मिळतोय या भरवशावर माणसाने एखादा हक्क सोडला असेल, किंवा मागे फिरता येणार नाही असा निर्णय घेतला असेल, तर त्याची सांपत्तिक स्थिती न बघताही माफी मिळू शकते. मला हा भाग फार शहाणपणाचा वाटतो. खिसा रिकामा आहे का, एवढंच विचारणारा कायदा माणसाला भिकारी ठरवून मगच दया दाखवतो.

आता यातली मेख. फसवणुकीचा शिक्का बसला की हे दार बंद. मग हलाखी कितीही असो, कुणी विचारत नाही. म्हणून शिक्का कोण मारतं, याला सगळं महत्त्व. मिशिगन राज्याने २०१३ च्या ऑक्टोबरात हे काम ‘मायडास’ नावाच्या संगणकप्रणालीवर सोपवलं. मालकाने कळवलेली कमाई आणि कामगाराने सांगितलेली कमाई जुळली नाही, की प्रणाली संशय घ्यायची. प्रश्नावली जायची ऑनलाइन खात्यावर, जे नोकरी लागल्यावर बहुतेकांनी उघडलेलंही नसायचं. उत्तर आलं नाही, म्हणजे फसवणूक! मूळ रकमेवर चौपट दंड, पगारातून कपात, करपरतावा जप्त. ऑगस्ट २०१५ मध्ये हा प्रकार थांबला. नंतर राज्यानेच यंत्राने एकट्याने दिलेले २२,४२७ निर्णय तपासले, तेव्हा ९३ टक्के चुकीचे निघाले. काहींना तोवर दिवाळखोरी जाहीर करावी लागली होती. नुकसानभरपाईच्या दाव्यात तडजोड झाली २०२२ मध्ये, २ कोटी डॉलरवर.

त्याच राज्यात २०२१ साली उलटं घडलं. कोविडच्या अर्जात खात्यानेच असे काही पर्याय छापले होते, जे केंद्राच्या नियमात बसत नव्हते. लोकांनी दिलेल्या पर्यायांवर खूण केली, आणि नंतर लाखोंना पात्रता पुन्हा सिद्ध करा म्हणून पत्रं गेली. इथे मात्र केंद्रीय कामगार खात्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये सरसकट माफीची कक्षा वाढवली, म्हणजे अशा ठराविक प्रकारच्या चुकांसाठी प्रत्येकाने स्वतंत्रपणे गरिबी सिद्ध करायची गरज उरली नाही. माझ्या मते कार्यालयाची चूक असेल तिथे हाच नियम असायला हवा. अर्ज भरून हलाखी मांडायला वेळ, कागद आणि इंग्रजी लागतं, आणि ज्याला माफीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याकडे नेमकं हेच नसतं.

तुमच्यापैकी कुणाचे नातेवाईक तिथे असतील आणि असं पत्र आलं असेल, तर एवढं कळवा : अपील आणि माफीचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मी देणं लागतच नाही’ हे अपिलात सांगायचं, ‘लागतो, पण वसूल करू नका’ हे माफीच्या अर्जात. अपिलाची मुदत पत्रावरच छापलेली असते आणि ती थोड्या दिवसांची असते. पत्रावर फसवणुकीचा उल्लेख असेल, तर आधी अपील.