नाव काय, बाई?

श्रोतेहो, नमस्कार.

राज्यघटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आली आणि तिच्या ३२६व्या कलमाने एकवीस वर्षांच्या प्रत्येक नागरिकाला मत दिलं. शिक्षणाची अट नाही, शेतसाऱ्याची नाही. लिहायला एक कलम; पण देशाच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची यादी करायची होती. हे काम आलं पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्याकडे.

यादी करणारा माणूस दारात येऊन विचारायचा, "नाव काय, बाई?" आतून उत्तर यायचं, अमक्याची आई, तमक्याची बायको. परक्या पुरुषाला नाव सांगायची रीतच नव्हती. बिहार, राजस्थान अशा उत्तरेकडच्या भागांत तर फारच. सेन यांनी बजावलं, स्वतःच्या नावाशिवाय नोंद चालणार नाही. बिहारला मुदतवाढही मिळाली. तरी शेवटी देशभरात जवळजवळ २८ लाख बायकांच्या नोंदी कापल्या गेल्या. पहिल्याच पंगतीतून इतक्या जणींना उठवायचं, हे कठोर होतं. पण मला सेन यांचं पटतं. मत त्या बाईचं होतं, मग नावही तिचंच हवं. (आणि आपल्याकडे तरी काय, लग्नात मुलीचं नावच बदलायची चाल होती. तिनं यादीत माहेरचं सांगायचं की सासरचं?)

बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. चिन्ह ओळखायचं आणि मतपत्रिका त्या पेटीत टाकायची. शिक्का मारणं नाही. यातल्या लाखो लोखंडी पेट्या आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात घडल्या.

पहिलं मतदान झालं हिमाचलातल्या चिनी नावाच्या तहसिलीत, २५ ऑक्टोबर १९५१ ला. बर्फाने वाटा बंद होण्याआधी तिथलं उरकलं. बाकी देशाचं फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललं.

काँग्रेसला ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर मात्र उत्तर मुंबईत पडले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. बाबासाहेबांच्याच शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज सोलापुरातून लोकसभेत गेले, आणि बाबासाहेब त्याच वर्षी राज्यसभेत.